बसकी, चित्र क्रमांक एकतीस

बिबट्यानं एस.टी.ला हात केला होता, कंडक्टरनं दोरी ओढली होती आणि "मागून गर्दी आहे, पुढून चढा" असं ड्रायव्हर त्याला सांगत होता, एवढ्यात गहिनीनाथ पालव्यांच्या खिशातला मोबाईल थरथरला. नगरला सावेडीतल्या एका बागेत, बोगनवेलीखालच्या सिमेंटच्या बाकावर, रोज सकाळी सात ते साडेआठ त्यांचा दरबार भरे. करंजी घाटातला हा बिबट्या गेल्या अकरा वर्षांत त्यांनी निदान तीस वेळा एस.टी.त चढवला होता आणि दर वेळी तो वेगळ्या थांब्यावर उतरला होता. आज त्याला थेट पाथर्डीपर्यंत न्यायचा त्यांचा बेत होता. "मग पुढं?" शेजारचे श्रीमंतराव म्हणाले. "ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड होतं का त्याच्याकडं?" बाकावरचे सगळे हसले. गहिनीनाथ हसले नाहीत. मोबाईलच्या काचेवर एक झाड उभं होतं. सरळ, सडपातळ, माणसाच्या दुप्पट उंचीचं, पिवळ्या बारीक फुलांनी लगडलेलं. खाली लिहिलं होतं: "सर, ही बसकी." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. झाड तेवढंच उंच राहिलं. ते उठले आणि चालायला लागले. "अहो, त्या जनावराला उतरवा तरी!" श्रीमंतराव मागून ओरडले. पण थाप अर्ध्यात टाकून उठण्याची ही गहिनीनाथांच्या शहात्तर वर्षांतली पहिलीच खेप होती, आणि बिबट्या त्या दिवशी घाटातच राहिला.

घरापर्यंतच्या रस्त्यात त्यांनी पुढचे दोन निरोप वाचले. पाठवणारी मोनिका त्रिभुवन, श्रीरामपूरची, वनस्पतिशास्त्राची डॉक्टर, वय फार तर बत्तीस. जिल्ह्यातल्या निसर्ग अभ्यास मंडळानं चाळीस वर्षांपूर्वी एक पुस्तक काढलं होतं, पूर्वेकडच्या कोरड्या डोंगरांतल्या झाडाझुडपांचं, चौसष्ट रंगीत चित्रांचं. त्याची नवी आवृत्ती आता तिच्याकडं सोपवली होती. तिनं लिहिलं होतं, "उंची तीन मीटर दहा. पानं, काटे, फूल, शेंग सगळं बसकीचंच आहे, मी तपासलं. पण तुमच्या चित्र क्रमांक ३१ शी आकार कुठंच जुळत नाही. ते चित्र गाळून फोटो घ्यावा असं मंडळात ठरतंय." आणि मग, बहुधा बराच विचार करून, तिसरा निरोप: "एक जण बैठकीत म्हणाले, पालवे सरांनी चित्रातसुद्धा थाप मारली असणार. मला ते आवडलं नाही, म्हणून कळवते." गहिनीनाथांनी हे शेवटचं वाक्य चौकातल्या रसवंतीपाशी उभं राहून वाचलं. चरकाच्या घुंगरांचा आवाज त्यांना त्या दिवशी उगाचच कुणीतरी खिदळल्यासारखा वाटला.

थापाड्या म्हटल्याचं त्यांना दुःख नव्हतं. ती त्यांची पदवी होती आणि त्यांनी ती मेहनतीनं मिळवली होती. बत्तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात चित्रकला शिकवली, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं तर डोंगर दोन हात उंच करून सांगावा लागतो, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं. त्याही आधी, लहानपणी वडिलांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्याच्या फडावर असताना, उसाच्या पाचटाच्या कोप्यांपुढं, म्हणजे झोपड्यांपुढं, शेकोटी करून बसलेल्या पोरांना ते सांगत, की आमच्या गावाकडं इतका दुष्काळ पडला की विहिरीतलं कासव चालत येऊन आमच्या रांजणात राहायला लागलं. पोरं खायची विसरत. पण तोंडाचं खातं वेगळं आणि हाताचं वेगळं. ते कधी वेगळं झालं तेही त्यांना नेमकं आठवत होतं. आठ वर्षांचे असताना बैलगाडीच्या फळीवर त्यांनी कोळशानं बैल काढला होता. वडील ऊस उतरवून आले, घाम पुसत फळीपुढं उभे राहिले. मग म्हणाले, "ह्ये आपलं ढवळं हाय." पुन्हा वाकून पाहिलं. "डावं शिंग मोडकं काढलंस व्हय रं?" गहिनीनाथ घाबरून म्हणाले, "मोडकंच हाय ना." वडिलांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. पाचटानं चिरलेला, खरखरीत, उसाच्या चिकाचा वास येणारा हात. म्हणाले, "खोटं न्हाई काढलंस. ब्येस क्येलंस." सगळ्या फडावरच्या माणसांना हात धरधरून त्यांनी ती फळी दाखवली. पुढं गहिनीनाथांना मुंबईच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळाला, आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली, पण छाती अशी कधी भरली नाही. त्या दिवसापासून तोंडानं काय वाटेल ते सांगितलं, हातानं मात्र एक काटा जास्तीचा काढला नाही.

घरी आल्यावर त्यांनी पुस्तक काढलं. ते कपाटात नव्हतं. देव्हाऱ्याखालच्या फडताळात, सुनेनं कितीदा हलवलं तरी पुन्हा तिथंच येणारं असं ते पुस्तक होतं. एक सोडून चित्रं सगळी पुण्याच्या एका नामवंत चित्रकाराची. त्रेसष्ट. सुंदर चित्रं, पानं कशी इस्त्री केल्यासारखी, फुलं लग्नाच्या फोटोला बसल्यासारखी. राहिलेलं एक झाड, बसकी, मात्र गर्भगिरीच्या माथ्यावर, मार्चच्या उन्हात, गाडीरस्त्यापासून अडीच तासांच्या चढावर होतं आणि पुण्याच्या चित्रकाराचं गुडघ्याचं दुखणं नेमकं तेव्हा उपटलं. मग पुस्तकाचे कर्ते प्राध्यापक आप्पासाहेब निमसे नगरच्या हायस्कुलात येऊन विचारते झाले, की डोंगर चढू शकणारा चित्रकला शिक्षक इथं कुणी आहे का. असा एकच होता, आणि तो त्याच डोंगराखाली जन्मलेला. चित्र क्रमांक ३१. खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: ग. ना. पालवे. गहिनीनाथांनी भिंग घेतलं आणि खिडकीशी बसले. जमिनीला धरून बसलेली गादी. फूटभर उंच, तीन फूट रुंद, वरून कुणी पाटा ठेवून दाबल्यासारखी सपाट. बोटभर फांद्या, इतक्या दाट की सरडा आत शिरला तर वाट चुकेल. पानं मसुराएवढी. आणि प्रत्येक फांदीचं टोक बोथट, चेचून चिंबलेलं, त्याच्याखाली दोन नवे धुमारे, त्यांची टोकं पुन्हा तशीच. अशी चारशे सतरा टोकं. हा आकडा मात्र थाप नव्हे. त्यांनी ती तेव्हा मोजली होती आणि शून्य नंबरच्या ब्रशचे केस उपटून, उरलेल्या एका केसानं, एकेक करून रंगवली होती. चार दिवस ते त्या माथ्यावर होते. डोक्यावर ओलं उपरणं, शेजारी पाण्याचं मडकं, रंग वाटीत पडायच्या आत वाळे. आप्पासाहेब बाजूला दगडावर बसून टिपणं काढत. "पालवे," ते म्हणाले होते, "ही टोकं अशी का बरं असतील?" गहिनीनाथ म्हणाले, "मला काय ठाऊक? तुम्ही प्राध्यापक." आप्पासाहेबांनी टोपी मागं सारली, विचार केला आणि म्हणाले, "अवर्षणातलं झाड आहे. कंजूष. वाढायचं म्हटलं की हात आखडतं." दोघंही हसले आणि ते वाक्य जरा सुधारून पुस्तकात गेलं. ते हसणं आता खिडकीत बसून त्यांना इतकं स्पष्ट ऐकू आलं, की त्यांनी भिंग खाली ठेवलं. त्या दिवशी चित्र पुरं झालं तेव्हा आप्पासाहेबांनी ते झाडाशेजारी जमिनीवर टेकवून ठेवलं आणि दोन पावलं मागं जाऊन दोन्हींकडं आळीपाळीनं बघितलं. म्हणाले, "कुठलं खरं, तेवढं सांगा." मग मोनिकाच्या मोबाईलमधलं ते उंच, तरणंताठं, बेमुर्वत झाड कुठून आलं? माणूस शहात्तरीला आला म्हणजे पुष्कळ गोष्टी विसरतो हे त्यांना कबूल होतं. पण हात? हातानं चार दिवस एक नसलेली गोष्ट काढली असेल तर मग ढवळ्याचं शिंग तरी मोडकं होतं की नव्हतं? दुपारभर त्यांना जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी मोनिका त्यांना गाडीतून ते झाड दाखवायला घेऊन गेली. हिवरे बाजारचं पाहून आसपासच्या ज्या वाड्यांनी डोंगरावर चराईबंदी केली त्यांतल्या एका वाडीच्या डोंगरावर ते झाड होतं. पंचवीस वर्षांत शेळीचा खूर त्या उतारावर पडलेला नाही. गावात आता जर्सी गाई, दुधाची डेअरी, आणि डोंगरावर चर खणलेले, गवत कमरेएवढं. गाडीत ती फार बोलली नाही. एकदाच म्हणाली, "सर, तुम्ही दुसरंच एखादं झुडूप काढलं असेल, असं होतं कधी कधी. त्यात कमीपणा नाही." गहिनीनाथ म्हणाले, "बाई, एक वेळ मी माझ्या लग्नात दुसरीच्याच गळ्यात हार घालीन, पण दुसरं झुडूप काढणार नाही." ती हसली. ते मात्र गंभीर होते. झाडाखाली पोचल्यावर त्यांनी टोपी काढली. उंच होतं खरं. फुलांवर मधमाश्यांचा एकसुरी गुंजारव चालला होता आणि सावली चक्क पुरेशी होती. बसकीच्या सावलीत उभं राहता येईल ही कल्पनाच त्यांना कशीतरी वाटली. ज्या नातेवाइकाला आपण जन्मभर रांगताना पाहिलं त्यानं अचानक उठून, खांद्यावर हात ठेवून, काय म्हणता पालवे, असं विचारावं, तसं. त्यांनी पान चोळून वास घेतला. कडवट, किंचित हिंगाचा. तोच. काट्याचा बाक तोच. मग त्यांनी एक फांदी खाली ओढून तिचं टोक बघितलं. टोक कोवळं होतं, सुईसारखं निमुळतं, लालसर, पुढं जायला निघालेलं. ते टोक धरून किती वेळ उभे राहिले कोण जाणे. चारशे सतरांतलं एकही असं नव्हतं. हाताच्या मनात, म्हणजे हाताला मन असतं असं मानलं तर, काहीतरी सरकलं. पण नाव सापडेना.

"इथं शेळ्या कधीपासून नाहीत?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी का विचारला ते त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं. मोनिकानं सांगितलं. गहिनीनाथ दगडावर बसले. आता नाव सापडलं होतं: शेळी. ते ज्या डोंगराखाली जन्मले तिथं शेळी ही वाऱ्यासारखी असे. कुणी सकाळी उठून, आज वारा आहे का, असं बघत नाही. आप्पासाहेबांचं घरही धनगरवाड्याच्या उशाला. दोघांनी चार दिवस त्या माथ्यावर बसून पाऊस मोजला, माती चाळली, खडक फोडला, आणि संध्याकाळी ज्या शेळ्या त्यांच्या मडक्यातलं पाणी हुंगून जात त्यांना हुसकावून पुन्हा विचार करायला लागले, की या झाडाची टोकं अशी का. शेळी नसलेला डोंगर दोघांनीही जन्मात पाहिला नव्हता. बसकी बसत नव्हती. तिला उठू दिलं जात नव्हतं. हे त्यांनी मोनिकाला सांगितलं तेव्हा तिनं ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "शक्य आहे, सर. पण सिद्ध कसं करणार? आता आसपास चरलेली बसकी एकही उरलेली नाही. जिथं बंदी नाही तिथं प्लॉट पडलेत नाहीतर सोलरच्या पट्ट्या. आणि ज्ञानेश्वर सर म्हणतील..." ती थांबली. मंडळाचे अध्यक्ष ज्ञानेश्वर सर. म्हणजे बैठकीतलं ते थापेचं वाक्य त्यांचं होतं तर. "म्हणतील, की पालव्यांनी आता शेळीची थाप मारली," गहिनीनाथांनी पुरं केलं. तिनं मान खाली घातली. तिच्या रोपवाटिकेत बसकीची दीड वर्षाची तीन रोपं होती, रंगाच्या वीस लिटरच्या बादल्यांत लावलेली. ती त्यांनी मागून घेतली. पुस्तक छापायला किती अवकाश आहे असं विचारलं. अजून सगळ्यांची टिपणं यायची आहेत, ती म्हणाली. मंडळाचा कारभार ठाऊक असल्यामुळं गहिनीनाथांनी मनातल्या मनात दोन उन्हाळे धरले.

लंकाबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, एक्क्याऐंशीची, पाथर्डीच्या वर, डोंगराच्या पायथ्याला वस्तीवर राहणारी. तिच्या चार शेळ्या. मुलांनी, सुनांनी, नातवांनी मोडायला सांगितल्या, पण ती मोडत नव्हती. टेम्पोतून तीन बादल्या उतरताना बघून ती म्हणाली, "गहिन्या, रंगाच्या बादल्यांत झाडं घालून फिरतूस, पेन्शन बंद झाली का काय?" गहिनीनाथांनी ओट्यावर बसून सगळं सांगितलं, पुस्तक, फोटो, मंडळ, आणि शेवटी मोठा शोध सांगावा तसा आवाज खाली आणून शेळीचं सांगितलं. लंकाबाई तोंडात पदर धरून इतकी हसली की तिला ठसका लागला. "आरं द्येवा! मंग दुसरं काय? शेळीच की! आपल्या म्हसोबाच्या कड्याखाली, जितं शेळीचं पाय पोचत न्हाई, तितं बसकी घरावानी उंच हुती. आमी तिच्या शेंगा पाडायचो." गहिनीनाथ म्हणाले, "आक्का, हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?" "तू इचारलंस व्हय? तू आन तो टोपीवाला, दोघं भर उन्हात त्या झुडपाम्होरं बसलेलं. मला वाटलं, शिकल्याली मान्सं हायती, काय तरी मोटं काम आसंल." तिनं डोळे पुसले. "बत्तीस वर्सं मास्तरकी क्येली आन शेळी दिसली न्हाई तुला." गहिनीनाथांनी उठून पहिली बादली काबरीपुढं ठेवली. काबरी म्हणजे थोरली शेळी, ठिपक्यांची, एका कानाला चीर असलेली. चार मिनिटांत बादलीत नुसती माती राहिली. "आसं न्हाई," लंकाबाई म्हणाली. "रानात शेळी हाटेलात बसल्यागत बसती व्हय? जाता जाता तोंड लावती. पयला येक म्हैना ह्याला मूळ धरू दे. मंग आठवड्याला येकदा, वाटंवर ठिवू. येक तोंड, की हाकलायचं." दुसऱ्या बादलीतलं रोप तिनं स्वतः वाटेच्या कडेला लावलं. तिसरं तिथंच लावून भोवती बोरीच्या फांद्यांचं कुंपण घातलं; ते न चरता वाढायचं.

दोन उन्हाळे आणि मधला एक बरा पावसाळा गहिनीनाथ महिन्यातून एकदा तिथं जात राहिले. बाकावरच्या लोकांना त्यांनी सांगितलं, की बहिणीकडं तीर्थाला जातो. कारण खरं सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता आणि त्याची त्यांना एरवी मजा वाटली असती, पण या गोष्टीत नको होती. वाटेच्या कडेला ते उकिडवे बसत आणि बघत. बघण्याखेरीज दुसरं काम नाही असे दिवस त्यांच्या आयुष्यात चाळीस वर्षांनी आले होते. काबरीचा ओठ किती हुशार असतो ते त्यांनी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. ती फांदी तोडत नाही. ओठानं धरते, दाढेत घेते, मान तिरकी करून पिळते. टोक कापलं जात नाही, चिंबतं. तंतू बाहेर येतात, दोन-तीन, वेगवेगळ्या लांबीचे. भिंगाखाली ते तंतू पाहिले तेव्हा त्यांच्या तर्जनीला, ब्रश धरायच्या पेरावर, मुंग्या आल्या. हे तंतू त्यांना ओळखीचे होते. एका केसाच्या ब्रशानं, गेरूत किंचित हिरवा मिसळून, त्यांनी हेच तंतू काढले होते, चारशे सतरा वेळा, आणि प्रत्येक वेळी वेगळे, कारण प्रत्येक वेळी ते वेगळे होते. त्या हाताला हल्ली चहाची बशी धरवत नाही. पण तो हात त्यांनी उन्हात समोर धरला आणि पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या, आपल्याहून मोठ्या माणसाकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं. पावसाळ्यात प्रत्येक चिंबलेल्या टोकाखाली दोन धुमारे फुटले. काबरीनं तेही खाल्ले. दोनाचे चार, चाराचे आठ. पानं बारीक होत गेली. दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस वाटेच्या कडेला एक गादी बसलेली होती, वितभर उंच, हातभर रुंद, आणि कुंपणातली तिची बहीण गहिनीनाथांच्या खांद्याला लागली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळाची बैठक ठरली. मोनिकानं कळवलं, छपाईआधीची ही शेवटची. लंकाबाईनं दोन्ही झाडं मुळांसकट उकरून बादल्यांत बसवून दिली आणि गहिनीनाथ ती घेऊन एस.टी.त चढले. कंडक्टरनं उंच झाडाकडं बघितलं, बुटक्याकडं बघितलं. "बाबा, ह्यांची तिकिटं?" गहिनीनाथ म्हणाले, "एक फुल्ल, एक हाफ." "वय काय हाफवाल्याचं?" "दोघंही एकाच दिवशी जन्मली." कंडक्टर म्हणाला, "कायतरी थापा मारता राव," आणि हसत पुढं गेला. खिडकीतून करंजी घाट मागं पडला. आयुष्यात एकदा खरं बोललं तरी लोक असं म्हणतात, याचं गहिनीनाथांना वाईट वाटलं नाही. पण बादलीचा कान त्यांनी घट्ट धरला.

नगरमधल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत सात माणसं लांब टेबलाभोवती बसली होती. गहिनीनाथांनी बुटकी बादली टेबलावर ठेवली, शेजारी पुस्तक उघडून चित्र क्रमांक ३१, आणि उंच झाड खाली फरशीवर, कारण टेबलावर ते पंख्याला लागलं असतं. काय केलं ते सांगितलं. त्यांनी ते पाच मिनिटांत सांगितलं. एकही बिबट्या आणला नाही. मग खुर्चीवर बसले. मोनिका उठली, भिंग घेऊन झाडावर वाकली, मग चित्रावर, मग झाडावर. बराच वेळ. तिचा श्वास जोरात चालला होता. "पीळसुद्धा," ती म्हणाली. "सर, टोकाला शेळीच्या दाढेचा पीळ आहे तोसुद्धा चित्रात आहे. डावीकडं." ती सरळ झाली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "हे चित्र गाळता येणार नाही. चरलेल्या बसकीची नोंद जगात ही एवढीच आहे." भिंग टेबलाभोवती फिरलं. माणसं एकामागून एक वाकली. गहिनीनाथ ताठ बसून होते. फडावरच्या माणसांना वडिलांनी हात धरधरून फळीपुढं आणलं होतं तेव्हा वडिलांना काय वाटलं असेल ते त्यांना आत्ता कळत होतं, मानेच्या मणक्यांत, एकेका मणक्यात. शेवटी भिंग ज्ञानेश्वर सरांपाशी आलं. ते सत्तरीचे, कडक माणूस, गेल्या वीस वर्षांत कुणाची चूक त्यांनी सोडलेली नाही. त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "पालवे सर, मी तुमच्याबद्दल एक शब्द बोललो होतो. तो मागं घेतो." आणि मग पुढं वाकून, वेगळ्याच, जवळजवळ आदराच्या आवाजात: "म्हणजे हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? निमसे सरांना जे दिसलं नाही ते तुम्ही ओळखलंत आणि मुद्दाम तसं नोंदवून ठेवलंत?"

सातही जण बघत होते. विश्वास ठेवायला तयार असलेले चेहरे गहिनीनाथांनी जन्मभर शोधले होते. डोळे मिचकावणारे नव्हे, कोपरानं ढोसणारे नव्हे, खरेखुरे विश्वासू चेहरे. आज ते आयते टेबलाभोवती मांडून ठेवलेले होते. आणि थाप तर तयारच होती, सगळ्या साजासकट. माथ्यावरची संध्याकाळ, मडकं हुंगणारी शेळी, तिची तिरकी मान, आणि छत्तीस वर्षांचा चित्रकला शिक्षक मनात म्हणतोय की हे आता कुणाला पटणार नाही पण चाळीस वर्षांनी पटेल. एवढी देखणी थाप त्यांना आधी कधी सुचली नव्हती. ती जिभेच्या टोकावर येऊन बसली, गोड, गार, उसाच्या पहिल्या कांडासारखी. त्यांनी चित्राकडं बघितलं. चित्रात ती कुठंच बसेना. चारशे सतरा टोकांत एकही जागा रिकामी नव्हती.

"नाही," ते म्हणाले. आवाज जरा मोठा निघाला. "मला काही कळलं नव्हतं. शेळ्या आमच्या अंगावरून जायच्या. मला दिसल्या नाहीत, आप्पासाहेबांनाही नाहीत. माझ्या बहिणीला ठाऊक होतं, तिला आम्ही विचारलं नाही. हातानं जे दिसलं ते काढलं, एवढंच."

ज्ञानेश्वर सर किंचित मागं टेकले. मोनिकानं वही ओढली. जुनं चित्र राहील, समोरच्या पानावर न चरलेल्या झाडाचं नवं येईल, असं ठरलं. चित्राखालचा मजकूर सरांनीच सांगावा, ती म्हणाली. गहिनीनाथांनी सांगितला आणि तिनं लिहून घेतला: बसकी, शेळ्यांनी चरलेली, गर्भगिरीचा माथा, मार्च १९८३. चरल्याची खूण लंकाबाई यांनी ओळखली. चित्रकाराच्या लक्षात ती त्या वेळी आली नव्हती.

"शेवटचं वाक्य काढू या का?" ज्ञानेश्वर सर म्हणाले. या खेपेला ते खरंच मायेनं बोलत होते. "कुणी विचारणार नाही, सर. एवढ्या चांगल्या चित्राखाली उगाच कशाला?"

"राहू द्या," गहिनीनाथ म्हणाले. "खाली नाव माझं आहे."